कॅलिफोर्नियात पिकलेली इटालियन द्राक्षं : कोणत्या वाईन्स चाखल्यात, कोणत्या आवडल्या?

फॉल्समवासी :

नमस्कार मंडळी. वाईनवर इथे अधूनमधून धागे निघतात पण गाडी नापा व्हॅली आणि कॅबर्ने, शार्डोने ही फ्रेंच द्राक्षं याच्यापुढे फारशी जात नाही, म्हणून मुद्दाम हा वेगळा काढतोय. इटलीहून आलेली द्राक्षं, पण पिकलेली कॅलिफोर्नियात आणि वाईनही इथलीच, एवढाच विषय. मला या वाईन्सनी अक्षरशः वेड लावलंय आणि आपल्या लोकांत त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही याचं वाईट वाटतं, कारण आपल्या जेवणाशी यांचं जितकं जमतं तितकं नापाच्या जड कॅबर्नेचं कधीच जमत नाही.

नुकतंच आम्ही काही मित्रमंडळींनी घरी टेस्टिंग केलं, बाटल्यांना कागदी पिशव्या घातल्या, कुठली कुणाची ते एकालाच माहीत, बाकीच्यांनी चाखून आपापलं लिहायचं आणि मग पिशव्या काढायच्या. त्यानंतर माझं जे मत पक्कं झालंय ते आधीच सांगून टाकतो, मग भांडा. कॅलिफोर्नियाच्या मातीला आणि उन्हाला सगळ्यात मानवलेलं इटालियन द्राक्ष म्हणजे बार्बेरा. सॅन्जोवेझे नाही, नेबियोलो तर नाहीच.

आधी व्हाईट. वर्मेंतिनो दोन होत्या, एक कॅलिफोर्नियातल्या लोडाय भागातली, एक कार्नेरोस भागातली. लोडायची सरळ साधी, लिंबाची साल, थोडा हिरव्या बदामासारखा कडवटपणा शेवटी, थंडगार प्यायला एकदम मस्त. कार्नेरोसची मात्र राईम सेलर्स या वाईनरीची होती, यांची गंमत अशी की नवरा आणि बायको दोघंही वाईनमेकर, एकाच द्राक्षाच्या दोन वेगळ्या वर्मेंतिनो करतात, 'हिज' आणि 'हर्स'. 'हर्स' नेहमीच्या पद्धतीने रस लगेच काढून स्वच्छ केलेली, 'हिज' सालींसकट आंबवलेली म्हणून रंगाला गडद आणि चवीला चक्क तुरट. दोन्ही शेजारी ठेवून प्या, सालीचा वाईनमध्ये काय वाटा असतो हे दहा लेख वाचून कळणार नाही ते दोन घोटात कळतं. अर्नेइस हे उत्तर इटलीतल्या पिएमाँट प्रांताचं पांढरं द्राक्ष, सेगेसिओ वाईनरीची होती, नासपतीची चव आणि अंगाने जरा भरलेली, पण आंबटपणा कमी, ती लवकर संपवावी, ठेवू नये.

मग रेड. सॅन्जोवेझे अमादोर काउंटीतल्या व्हिनो नोचेतो वाईनरीची, हे लोक १९८० च्या दशकापासून मुख्यतः याच द्राक्षाच्या मागे लागलेत आणि ते जाणवतं, रंग फिका, आंबट चेरी, वाळवलेल्या पानांचा वास, कुठेही ओकच्या पिंपाच्या चवीचा मारा नाही. आणखी एक सॅन्जोवेझे होती, नाव घेत नाही, ती नुसती व्हॅनिला आणि जॅम, डोळे मिटून दिली तर द्राक्ष कुठलं ते सांगताच येणार नाही.

आणि बार्बेरा. आता हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण इथेच सगळी मजा आहे.

द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. मणी पिकताना उष्णता वाढली की वेल मॅलिक आम्ल भराभर जाळून टाकते, म्हणून गरम प्रदेशातल्या वाईन्स बऱ्याचदा गोडसर, जड आणि चपट्या लागतात, मग वाईनरीत वरून टार्टारिक घालावं लागतं. बार्बेराचं वैशिष्ट्य असं की तिच्यात मुळातच आम्ल भरपूर आणि तुरटपणा म्हणजे टॅनिन कमी. कडक उन्हात साखर चांगली भरते तरी आंबटपणा टिकून राहतो. पिएमाँटमध्ये टेकडीचा सगळ्यात चांगला दक्षिणेकडे तोंड असलेला उतार नेबियोलोला देतात आणि उरलेल्या जागी बार्बेरा लावतात, म्हणजे घरच्या रोजच्या जेवणाची वाईन. कॅलिफोर्नियात आल्यावरही तिचं नशीब फार वेगळं नव्हतं, सेंट्रल व्हॅलीच्या भट्टीत हजारो एकर लावली आणि मोठ्या बाटल्यांतून विकल्या जाणाऱ्या स्वस्त 'जग (jug) वाईन'मध्ये आंबटपणा यावा म्हणून मिसळून टाकली. लोकांनी वर्षानुवर्षं बार्बेरा प्यायली पण बाटलीवर तिचं नाव नव्हतं.

चित्र बदललं ते सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्यांवर. अमादोरची शेनँडोआ व्हॅली, प्लिमथ गाव, हायवे ४९, जिथे १८४९ नंतर सोन्यासाठी माणसं धावली तो भाग. झिजलेल्या ग्रॅनाइटची भुसभुशीत, पाणी न धरणारी जमीन, उंची साधारण हजार ते दोन हजार फूट, दिवसा तापतं पण रात्री सिएरावरून गार वारा उतरतो. मोंतेविना वाईनरीने १९७० च्या दशकात इथे बार्बेरा लावली आणि आज कूपर, जेफ रनक्विस्ट, तेरा दोरो असे कितीतरी जण तिला स्वतःच्या नावाने बाटलीत भरतात. आमच्या टेस्टिंगला अमादोरच्या तीन होत्या. गडद जांभळा रंग, काळी चेरी, आलुबुखार, अल्कोहोल साडेचौदाच्या वर, आणि एवढं सगळं असूनही घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं! ते पाणी सुटणं महत्त्वाचं, त्यामुळेच पुढचा घास खावासा वाटतो. पिशव्या काढायच्या आधीच टेबलावर सगळ्यात आधी रिकाम्या झालेल्या बाटल्या याच होत्या.

शेवटी नेबियोलो आणि अल्यानिको प्यायलो, त्यावर खाली लिहीन, आत्ता खूप लांबलंय. तुम्ही काय काय चाखलंय ते लिहा.

पेरूची_फोड :

वा! फार सुंदर लिहिलंय. मी सॅन होजेला असते, वाईनमधलं फार कळत नाही पण दोघं वर्मेंतिनो करतात ते वाचून लगेच शोधायला घेतलं. एक प्रश्न, झिन्फांडेल पण इटालियनच ना? मग ती का नाही यादीत?

जुनीवेल :

पेरूताई, हा प्रश्न खूप जणांना पडतो म्हणून उत्तर देतो. झिन्फांडेल आणि दक्षिण इटलीतल्या पुलियाची प्रिमितिवो ही एकच वेल, हे बरोबर. पण मूळ इटलीचं नाही. यूसी डेव्हिस विद्यापीठाच्या कॅरोल मेरेडिथ आणि झाग्रेबचे दोन शास्त्रज्ञ, पेइच आणि मालेतिच, यांनी मिळून क्रोएशियाच्या किनाऱ्यावर शोध घेतला आणि २००१ मध्ये स्प्लिटजवळच्या एका जुन्या मळ्यात तीच वेल डीएनएने सापडली, त्सर्लियेनाक काश्तेलान्स्की. म्हणजे एक वेल ॲड्रियाटिक ओलांडून पुलियात गेली आणि दुसरीकडून अमेरिकेत आली. अमेरिकेत ती आली १९व्या शतकाच्या पूर्वार्धात, इटालियन लोक मोठ्या संख्येने यायच्या आधी. त्यामुळे ती या धाग्यात घेऊ नये असं माझं मत.

पण हेही खरं की झिन्फांडेल कॅलिफोर्नियात जगवली ती इटालियन कुटुंबांनी. सेगेसिओचंच बघा. एदोआर्दो सेगेसिओ १८८६ ला पिएमाँटहून आला, सोनोमातल्या आस्ती गावच्या इटालियन स्विस कॉलनीत कामाला लागला (हे आस्ती नाव पण पिएमाँटच्या शहरावरूनच, १८८१ मध्ये आंद्रेआ स्बार्बोरो या जेनोआकडच्या माणसाने ही कॉलनी उभी केली), १८९५ ला स्वतःची जमीन घेऊन झिन्फांडेल लावली आणि १९१० मध्ये क्यांती स्टेशन नावाच्या रेल्वे थांब्याजवळ सॅन्जोवेझे. तिथल्या त्या जुन्या वेलींपासूनची वाईन मी प्यायलोय, क्यांती स्टेशन नावानेच निघते. अजिबात बारीक नाही, चांगली दणकट, पण मातीचा वास आणि आंबट चेरी दोन्ही शाबूत. शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी घरच्या आठवणीने लावलेली वेल आणि तिचा रस आज आपल्या ग्लासात, मला तरी याचं फार अप्रूप वाटतं.

मुंगूस_६७ :

+१ जुनीवेल.

प्रोहिबिशनबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या दारूबंदीबद्दल पण लिहा ना कुणीतरी. १९२० ते १९३३ वाईन बंद होती तर या वेली कशा राहिल्या?

जुनीवेल :

विकायला बंदी होती, घरी करायला पळवाट होती. कुटुंबप्रमुखाला वर्षाला २०० गॅलनपर्यंत फळांचा रस घरी करता यायचा आणि तो बंद पिंपात आपोआप काय होतो हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे झालं उलटंच, द्राक्षांची मागणी वाढली. रेल्वेच्या डब्यांतून न्यूयॉर्क, शिकागोला द्राक्षं जायची, तिथली इटालियन कुटुंबं स्टेशनच्या यार्डातच जाऊन खोकी विकत घ्यायची. पण त्यात जाड सालीचं, प्रवासात न फुटणारं द्राक्ष चालायचं, म्हणून अलिकांते बूशे सारखी गडद रंगाची वेल जिकडे तिकडे लागली, नाजूक जाती मागे पडल्या. १९३३ नंतर ज्या वाईनरी टिकल्या किंवा नव्याने उभ्या राहिल्या त्यात पुन्हा इटालियन आडनावंच जास्त, गॅलो, मार्तिनी, मोंदावी, सेगेसिओ. आणि गंमत बघा, यातल्या मार्तिनी आणि मोंदावी यांनी नाव कमावलं ते मुख्यतः फ्रेंच द्राक्षांवर. लुई मार्तिनी मात्र बार्बेरा स्वतंत्रपणे बाटलीत भरायचे, हे त्यांचं मोठं काम आहे.

रानजाई :

फॉल्समवासी, बार्बेराचं कौतुक मान्य, पण सॅन्जोवेझेला तुम्ही फारच पटकन बाजूला सारलंत आणि नेबियोलोला तर बाद करून टाकलंत. मी सांता बार्बराला बरीच वर्षं होते म्हणून बोलतेय. तिकडे डोंगररांगा पूर्व-पश्चिम आहेत त्यामुळे पॅसिफिकचं धुकं आणि गार वारा थेट आत येतो, पिकायचा काळ लांबतो, आणि नेबियोलोला नेमकं तेच हवं असतं. तिथल्या पाल्मिना वाईनरीची नेबियोलो घ्या, घाई न करता मोठ्या जुन्या पिंपात भरपूर काळ ठेवलेली असते. गुलाबाच्या सुक्या पाकळ्या, डांबर, संत्र्याची साल, सगळं आहे. बारोलोशी, म्हणजे पिएमाँटच्या प्रसिद्ध नेबियोलोशी तुलना करूच नका, ती वेगळ्या ठिकाणची वाईन आहे. तिथल्याच जिम क्लेंडेनन या वाईनमेकरने तर पिनो न्वार या फ्रेंच द्राक्षात एवढं नाव कमावलेलं असताना नेबियोलोचा नाद सोडला नव्हता, ते गेले २०२१ मध्ये, पण त्यांची नेबियोलो वर्षानुवर्षं ठेवून मग बाजारात यायची. माणूस एवढा जीव लावतो तेव्हा त्या द्राक्षात काहीतरी असणारच ना.

फॉल्समवासी :

रानजाई, तुम्ही आलात बरं वाटलं. सॅन्जोवेझे आणि नेबियोलो दोन्हीवर सविस्तर लिहितो.

नेबियोलो आम्ही प्यायलो ती पासो रोब्लेस गावच्या जोर्नाता वाईनरीची. रंग विटकरी फिका, वास अप्रतिम, इतका की लोक ग्लासात नाक घालून बसले होते. पण तोंडात घेतल्यावर तुरटपणा असा आवळतो की निम्म्या लोकांनी ग्लास खाली ठेवला, दोन तासांनी मात्र तीच वाईन मोकळी झाली. म्हणून बाद केली असं नाही, पण ही वेल पालवते लवकर आणि पिकते अगदी शेवटी, म्हणजे वसंतातल्या थंडीचा धोका पण तिलाच आणि शरदातल्या पावसाचा पण तिलाच, आणि गरम जागी लावली तर साखर आधी भरून बसते आणि टॅनिन कच्चं राहतं. कॅलिफोर्नियात तिला मानवणाऱ्या जागा मोजक्याच आहेत, तुमचं सांता बार्बरा त्यातलं एक असेल, पाल्मिना नक्की घेतो.

सॅन्जोवेझेचं दुखणं वेगळं. १९८० च्या दशकात टस्कनीच्या अँतिनोरी या वाईन करणाऱ्या घराण्याने भागीदारीत नापाच्या ॲटलस पीकवर ती लावली आणि १९९० च्या दशकात सगळीकडे लाटच आली. पण ही वेल मुळात भरभरून फळ देते, घड विरळणी कडक नाही केली तर रस पातळ, आणि लोकांनी ती लावली सुपीक जमिनीत, वरून नवीन फ्रेंच ओकच्या छोट्या पिंपात भरली, म्हणजे कॅबर्नेचा जो पाढा पाठ होता तोच हिच्यावर म्हटला. पातळ रसावर ओकचं लिंपण, आणि किंमत मात्र नापाची! लोक फिरकले नाहीत, नापात कॅबर्नेला टनामागे जो भाव मिळतो त्यापुढे सॅन्जोवेझे परवडेना, बऱ्याच मळ्यात त्याच खुंटावर दुसरं कलम करून टाकलं. ॲटलस पीकवर पण पुढे कॅबर्नेच जास्त झाली. यात वेलीचा दोष नाही असं मी मनापासून म्हणतो. आज जे थोडेच लोक करतात ते जुन्या पिंपात, कमी पीक घेऊन, जीव ओतून करतात, आणि म्हणून आजच्या सॅन्जोवेझे त्या लाटेतल्यांपेक्षा कितीतरी चांगल्या आहेत.

अल्यानिको राहिलीच. दक्षिण इटलीतली, ज्वालामुखीच्या मातीतली, उशिरा पिकणारी. ऊन सोसते आणि आंबटपणा पण सोडत नाही, म्हणजे बार्बेराचा गुण अधिक भक्कम टॅनिन. पासोमध्ये कापारोने कुटुंब कितीतरी दशकांपासून सॅन्जोवेझे, नेबियोलो आणि अल्यानिको करतंय, किंमत अगदी माफक. माझ्या मते पुढच्या काळात कॅलिफोर्निया आणखी तापत जाणार तेव्हा या दोन वेली, बार्बेरा आणि अल्यानिको, जास्त लावाव्या लागतील.

द्राक्षबागाईतदार :

नाशिकहून लिहितोय. आमची बाग टेबल द्राक्षाची आहे पण वाईनच्या जाती जवळून बघितल्यात म्हणून वाचायला मजा आली. तुमच्याकडे हिवाळ्यात वेल झोपते, आमच्याकडे झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशा दोन कराव्या लागतात आणि काढणी फेब्रुवारी-मार्चला, म्हणजे तुमची ऑगस्ट ते ऑक्टोबर तर आमची बरोबर उलट. पिकताना ऊन वाढत जातं, तुमच्याकडे शेवटी शेवटी कमी होत जातं. त्यामुळे आम्ल टिकवणं हा आमच्याकडचा मोठा प्रश्न.

कॅलिफोर्नियाचा आणि आमचा संबंध जुना आहे, इथल्या सुला वाईनरीच्या राजीव सामंतांनी सोनोमाचे केरी डॅमस्की यांना वाईनमेकर म्हणून आणलं आणि झिन्फांडेल इकडे आली ती तिकडूनच. इटालियन म्हणाल तर अकलूजची फ्रातेल्ली वाईनरी, तिथल्या वाईन्स टस्कनीच्या पिएरो मासींनी घडवल्या, सॅन्जोवेझे सोलापूर जिल्ह्यात चांगली आलीये, त्यांच्या 'सेत्ते' या वाईनमध्ये सॅन्जोवेझे आणि कॅबर्ने एकत्र आहे. तुमचं आम्लाचं वाचून वाटलं बार्बेरा इकडे कुणी नीट करून बघायला पाहिजे. आमच्या मार्चच्या उन्हात आम्ल धरून ठेवणारी जात म्हणजे सोनंच.

फॉल्समवासी :

दादा, हे फार मोलाचं लिहिलंत. सेत्ते मी पुण्याला आलो होतो तेव्हा प्यायलोय, आवडली होती. बार्बेराच्या बाबतीत एक सांगतो, ती पण पीक भरपूर धरते, विरळणीत कसूर झाली की आम्ल राहील पण चव राहणार नाही.

पेरूची_फोड :

बापरे किती माहिती. मला दोन अगदी घरगुती प्रश्न आहेत. आम्ही शाकाहारी आहोत, वाईनमध्ये अंडं वगैरे वापरतात असं ऐकलं ते खरं का? आणि आपल्या जेवणाबरोबर काय द्यावं?

रानजाई :

पेरू, खरं आहे. वाईन स्वच्छ करायला आणि टॅनिन मऊ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसिन किंवा माशापासूनचा आयसिंग्लास वापरतात. तो तळाशी बसतो, मग वाईन वरून काढून घेतात, पण वापरलेलं असतं. मातीचा एक प्रकार असतो बेंटोनाइट, तो पण पुष्कळ जण वापरतात, त्यात प्राण्याचं काही नाही. बाटलीवर हे लिहिलेलंच असेल असं नाही म्हणून छोट्या वाईनरीला सरळ ईमेल करायचा, मला सगळीकडून प्रेमाने उत्तरं आली आहेत. अनफाइन्ड, म्हणजे असं काही न घालता केलेली, असं लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला.

जेवणाचं म्हणशील तर टोमॅटोचं सार, भरली वांगी, चिंचगुळाची आमटी, आंबट पदार्थ असेल तिथे बार्बेरा डोळे मिटून. पदार्थ आंबट आणि वाईन त्याहून कमी आंबट असली की वाईन पाणचट लागते, बार्बेरा तिथे टिकते. थालीपीठ-लोण्याबरोबर पण मला आवडते. वर्मेंतिनो किंवा फियानो (हेही इटालियन पांढरं द्राक्ष) दे कोथिंबीर वडी, अळूवडी, आणि मासे खाणाऱ्यांसाठी तळलेल्या सुरमईबरोबर. फक्त झणझणीत तिखटाबरोबर जास्त अल्कोहोलची आणि तुरट वाईन नको, तिखट आणखी पेटतं. तिथे थोडी गोडसर मोस्कातो गार करून दे.

मुंगूस_६७ :

मी मागे एक बार्बेरा घेतली होती तर मला ती खूप जड आणि काळीकुट्ट वाटली, तुम्ही सांगता तसं तोंडाला पाणी बिणी काही नाही. बाटलीवर नुसतं कॅलिफोर्निया लिहिलं होतं.

जुनीवेल :

मुंगूस, बाटलीवर द्राक्षाचं नाव लावायला ते ७५ टक्के असलं की पुरतं, बाकी २५ टक्क्यात पेटीट सिरा किंवा दुसरं काहीही असू शकतं आणि ते सांगायचं बंधन नाही. शिवाय नुसतं कॅलिफोर्निया म्हणजे राज्यात कुठलंही द्राक्ष. अमादोर काउंटी किंवा शेनँडोआ व्हॅली असं नाव बघून घ्या, व्हॅलीसारख्या अधिकृत प्रदेशाचं नाव असेल तर किमान ८५ टक्के द्राक्ष तिथलंच असावं लागतं. आणि मेंडोसिनोच्या फॉक्स हिल या मळ्याचं नाव दिसलं तर सोडू नका, तिथे इटालियन जातींचा संग्रहच लावलेला होता. हील्ड्सबर्गची आयडलवाइल्ड नावाची वाईनरी फक्त पिएमाँटच्या जातींवर काम करते, तिने तिथून कितीतरी वर्षं द्राक्ष घेतलं. त्यांची दोल्चेत्तो, फ्रेइसा, ग्रिन्योलिनो चाखून बघा, हलक्या आणि ताज्या. ग्रिन्योलिनो नापात पण लावलेली होती बरं का, हाइट्झ सेलरने १९६१ मध्ये सुरुवातच त्या छोट्या मळ्यावर केली होती आणि कॅबर्नेत जगभर नाव झाल्यावरसुद्धा कितीतरी वर्षं ती वेल राखली.

नवा_गडी :

मी न्यू जर्सीत असतो, इकडच्या दुकानात यातलं काहीच दिसत नाही. घरी असंच टेस्टिंग करायचं आहे दिवाळीनंतर. कसं करू? साधारण दहा माणसं.

फॉल्समवासी :

नवा_गडी, दहा माणसांना सहा बाटल्या पुरे, एकावेळी दोन घोट एवढंच ओतायचं, आणि न आवडलेली ओतून टाकायला एक मोठं भांडं टेबलावर ठेवायचं, त्यात संकोच नको. क्रम असा : वर्मेंतिनो, अर्नेइस किंवा फियानो, मग सॅन्जोवेझे, मग बार्बेरा दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या, शेवटी नेबियोलो किंवा अल्यानिको. शेवटची बाटली दोन तास आधी उघडून काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा. रेड पण खोलीच्या तापमानाला देऊ नका, हीटर लावलेल्या घरात ती गरमच होते, वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग द्या, १५-१६ डिग्रीला बार्बेराची चव खुलते. मधे खायला साधा पाव आणि पाणी, जेवण सगळ्या चाखून झाल्यावर, आणि जेवताना त्याच वाईन्स पुन्हा घ्या, बऱ्याच जणांची पसंती तिथे बदलते. गाडी चालवणारे आधीच ठरवून ठेवा.

बाटल्या वाईनरीकडूनच थेट मागवाव्या लागतील. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात आणि प्रत्येक वाईनरीकडे प्रत्येक राज्याचं लायसन्स नसतं, तेव्हा आधी विचारून घ्या. घरी सही करायला २१ किंवा त्याहून जास्त वयाचं कुणीतरी लागतं. ऑर्डर ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात टाका, त्याच्या आधी ट्रकमध्ये वाईन तापते, आणि आल्यावर निदान आठवडाभर आडवी पडू द्या. अमादोरच्या कुठल्या बाटल्या घ्यायच्या ते तुमचं बजेट सांगितलंत तर इथेच लिहितो.